आचार्यांचा टॅब चार्ज होईना

अंबूताई हट्टी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मालमड्डीत तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि तीस वर्षं त्या भिंतीच्या अलीकडून मी तिचा हट्ट ऐकत आलेय. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी भाजीवालीनं "दोन जुड्या घ्या अक्का" म्हटलं तर हिला आधी कारण सांगावं लागतं. आणि नवीन वस्तू वापरायची नाही, हा दुसरा गुण. लेकीनं, वेदश्रीनं, बेंगळुरूहून आणलेले टॉवेल, चादरी, काचेचे पेले, सगळं कपाटात. वापरलं की खराब होतं म्हणे. अग मग आणायचं कशाला? पण तिला विचारणार कोण!

तिचे यजमान बाळाचार्य. सगळी गल्ली त्यांना आचार्य म्हणायची. संस्कृतचे मास्तर, घरीही मुलांना पाठ सांगायचे. आवाज असा खणखणीत की माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मला अर्धी स्तोत्रं आपोआप पाठ झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी संध्येला बसले ते एका बाजूला कलले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख शाबूत होती, आणि खरं सांगायचं तर तेच वाईट झालं. पाणी हवं असायचं, अंबूताई लघवीचं भांडं घेऊन धावायची. पाठ खाजत असायची, ही पांघरूण घालायची. ते डोळे मिटून घ्यायचे आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. चार महिने हे चाललं होतं. मी कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी केली, माणसं रडताना पुष्कळ बघितली, पण ते मला बघवायचं नाही.

मग वेदश्रीनं तो टॅब आणला. त्यात तिनं रात्रंदिवस खपून चौकोन बसवले होते. पाणी, कूस बदला, दुखतंय, अंबू ये, वेदश्रीला फोन लाव, असे. खाली सगळी अक्षरं. आचार्यांनी डाव्या हाताच्या बोटानं चौकोन दाबायचा की टॅब मोठ्यानं बोलायचा. छातीसमोर लाकडी घोडीवर तो उभा असायचा. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तास खपून अक्षर अक्षर दाबत एक वाक्य केलं. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. टॅब म्हणाला, "अंबू, मीठ कमी घाल."

हसता हसता अंबूताई जी रडायला लागली! गल्लीत घरोघरी जाऊन सांगून आली. आणि तेव्हापासून ते घर परत बोलायला लागलं. ती मागच्या नळावर धुणं धूत असली तरी आतून हाक यायची, "अंबू ये." आवाज पार वर नेऊन ठेवला होता, मला भिंतीतून ऐकू यायचा. कधी पेपरातल्या चुका काढायचे, कधी मला म्हणायचे, "मंगला, हळू बोल." बघा की! ज्याला वाचा नाही तो मला हळू बोल म्हणायचा. पण खरंच सांगते, मला आनंद व्हायचा.

दसरा झाला आणि टॅब चार्ज होईना.

आधी आधी लक्षात आलं नाही. रात्रभर वायर लावलेली असायची, सकाळी बघावं तर साठच टक्के. मग चाळीस. मग पंचवीस. दुपारी आचार्य काही सांगायला घ्यायचे आणि चौथ्या शब्दाला पडदा काळा. बोट तसंच काचेवर. ते वाट बघायचे, पुन्हा दाबायचे, मग हात खाली ठेवायचे. चार महिन्यांच्या त्या मुकेपणाची भीती दोघांच्याही चेहऱ्यावर परत दिसायला लागली. अंबूताई त्यांना म्हणायला लागली, "अहो, जरा कमी बोला, संध्याकाळला पुरवायचंय." मी खवळले. म्हटलं, अग, त्यांना मिळालंय काय जन्माचं, त्यातही तू रेशन लावतेस? वायर बदल आधी.

वायर बदलली. काही फरक नाही. तेव्हा आम्ही दोघी टॅब घेऊन सुभाष रोडला गुरुप्रसादकडे गेलो. तिथं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याची आई ज्योती ही अंबूताईची विद्यार्थिनी. म्हणून तो हिला टीचर म्हणतो आणि दुकानात एकच स्टूल असलं तरी ते हिला देतो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, वायर घालायच्या भोकात टॉर्चचा उजेड पाडला आणि वर बघितलं.

"टीचर, यात कुंकू आहे."

आता यात हसण्यासारखं काही नाही. खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी हत्यारं पुजतो. विळी, शिवणयंत्र, मिक्सर, गॅस. मी माझ्या स्कूटरच्या चावीच्या भोकालासुद्धा कुंकू लावते. अंबूताईनं टॅब पुजला होता, आणि जिथून त्याच्या पोटात अन्न जातं तेच त्याचं तोंड म्हणून तिथं हळद, कुंकू, ओल्या अक्षता, वर फुलानं पाणी. गुरुप्रसादनं लाकडी काडीनं ते हळूहळू उकरलं. पांढऱ्या कागदावर लाल भुगा पडला, एक तांदळाचा कणही पडला. "घरी सुई-बिई घालू नका हं," म्हणाला. अंबूताईनं तो भुगासुद्धा पायदळी जाऊ नये म्हणून पुडीत बांधून घेतला.

तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आणि आता टॅब गरम व्हायला लागला होता. मी हात लावून बघितला आणि मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी गुरुप्रसाद दुकानाला जरा लवकर कुलूप लावून घरीच आला. आचार्यांच्या खाटेशी आम्ही तिघं. त्यानं भिंतीतला चार्जर उपटून बघितला. "हा कुठला? हा साध्या मोबाइलचा. टॅबबरोबर आलेला मोठा कुठंय?"

अंबूताई शांतपणे म्हणाली, "तो नवा आहे. कपाटात ठेवलाय."

मी कपाळावर हात मारला. डब्यात, वरच्या प्लास्टिकसकट, जसा आला तसा! गुरुप्रसादनं मात्र आवाज चढवला नाही. म्हणाला, "टीचर, टाकीत पाणी सोडायची तोटी बारीक, आणि खालची मोरी उघडी. पडदा दिवसभर उजळलेला, वर बोलणं चालू. येतं त्यापेक्षा जातं जास्त. भरेल कसं?" मग त्यानं टॅबचं कव्हर बघितलं. अंबूताईनं धूळ बसू नये म्हणून लोकरीचं जाड कव्हर विणलं होतं, मागून पुढून गुंडाळलेलं. "ह्यात तो शिजतोय. फार तापला की तो आपणच कमी घेतो, जपतो स्वतःला." कव्हर काढलं, नवा चार्जर आणला, लावला. आम्ही टॅबकडे डोळे लावून बसलो. आकडा हलला नाही.

तेव्हा त्यानं वायर काढली, टॅब टेबलावर उताणा ठेवला आणि एका कोपऱ्याला बोटानं नुसता धक्का दिला. सपाट वस्तू जागची हलू नये. हा गरगर फिरला.

गुरुप्रसादचा चेहरा उतरला. त्यानं कडेला नख लावून बघितलं. एका बाजूनं काच उचलली गेली होती, फटीत नख जात होतं.

"ती सुटत होती," अंबूताई म्हणाली, "म्हणून मी दुपारी वर पोथ्यांचं बासन ठेवते. दाबून बसेल म्हणून."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस."

त्यानं आपला हात मागे घेतला. "बॅटरी उब्बैत्री, टीचर." म्हणजे फुगलीय, कानडीत म्हणाला तो. आतून वाफ धरतेय, तीच काच वर ढकलतेय, आणि त्याच्यावर तुम्ही वजन ठेवलंत. ह्याला आता नवा चार्जर नको, जुना नको, वायरच लावू नका. फुटली तर भडका उडतो, आणि पाणी मारूनही सहज विझत नाही. "तो चार्ज घेत नाहीये तेच नशीब आपलं," म्हणाला.

मी खाटेकडे बघितलं. कापसाची गादी. वर उशा. आणि टॅब रोज त्या माणसाच्या छातीपासून वीतभर अंतरावर, ज्याला स्वतःहून कूसही बदलता येत नाही.

"बॅटरी बेंगळुरूहून हुबळीला येईल, मी जलद चिगरी बसनं जाऊन घेऊन येईन. आठ दिवस," गुरुप्रसाद म्हणाला. "मी आत्ता घेऊन जातो."

अंबूताईनं टॅब त्याच्या हातातून काढून घेतला. "आठ दिवस ते मुके राहतील. तू राहशील का रे?"

तो हात जोडत होता, आणि आचार्य एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो गेला. जाताना दारात मला हळूच म्हणाला, "अक्का, निदान खाटेपासून लांब ठेवायला सांगा."

त्यानंतरचे दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. वेदश्रीला फोन केला. ती रडकुंडीला आली, नवीन घेऊन येते म्हणाली, पण तिला सुट्टी पुढच्या आठवड्यात. फोनच्या छोट्या पडद्यावर आचार्यांचं बोट नीट पडायचं नाही, तेही करून बघितलं. आणि अंबूताई काय करायची? टॅब पितळी परातीत ठेवायची, वायर लावायची, आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची. चटका बसायला लागला की वायर काढायची. निवला की लावायची. दिवसभराच्या ह्या खटाटोपात नऊ टक्के, अकरा टक्के. तेवढ्यात आचार्यांनी बोलून घ्यायचं. कुठं कुणाकडे फोडणी करपली तरी मी उठून भिंतीला नाक लावायची. घरात बसवेना, तिच्याकडे जाऊन बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी तिथं होते तेव्हा आचार्यांनी अक्षरं दाबली. दोनच शब्द. "दे त्याला."

अंबूताई म्हणाली, "नाही देणार."

ते पुन्हा दाबायला लागले. वेळ लागला. "तुला भाजेल."

"भाजू दे. तुम्ही बोला."

तेव्हा माझा तोल गेला. मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतंय. म्हटलं, "तुला नाही भाजणार अंबू, तू उठून पळशील! हे कुठं पळतील? तुझ्या हट्टापायी एक दिवस ह्यांना जिवंत जाळशील तू!" त्यांच्यासमोर बोलले. ती पांढरीफटक पडली. मग परात माझ्या हातात दिली. मी टॅब स्टीलच्या डब्यात घातला, डबा मांडीवर घेऊन रिक्षानं सुभाष रोडला गेले, आणि खड्ड्याखड्ड्याला रिक्षावाल्याला शिव्या घातल्या.

येऊन मी एक तक्ता केला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर, जाड पेनानं, टॅबमध्ये होते तसेच चौकोन. पाणी. कूस. लघवी. पोटात दुखतंय. छातीत दुखतंय. वेदश्री. घोडीवर लावून दिला. आचार्यांनी एक एक चौकोन वाचला आणि मान हलवली. मला वाटलं, बघा, इतकं सोपं होतं. पण अंबूताई म्हणाली, "मंगला, हा हाक मारत नाही ग."

खरंच होतं ते. कागदाकडे कुणीतरी बघत बसावं लागतं. मी म्हटलं, देवघरातली घंटा द्या त्यांच्या हातात. आचार्यांनी डोळे मिटून घेतले. पारोश्या अंगानं, अंथरुणात, डाव्या हातात पूजेची घंटा? आयुष्यभर सोवळं पाळलेला माणूस तो. अंबूताईही म्हणाली, नको म्हणतात तर नको. मग मी वाटी-चमचा दिला, पण चमचा बोटांत ठरेना, दर वेळी गादीवर पडायचा. बाजारातून दुसरी साधी घंटा आणावी, एवढं आम्हा दोन शिकल्यासवरल्या बायकांना सुचलं नाही. घंटा म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर देवाचीच येते.

मग अंबूताई तिथून हललीच नाही. भाजी चिरणं खाटेशी, जेवण खाटेशी. धुणं मी माझ्याकडे नेलं. दिवसभर ती त्यांच्या बोटाकडे बघत बसायची, आणि बोट हलायच्या आधी तिला कळायला लागलं होतं असं मला वाटतं.

सातव्या दिवशी दुपारी चारला गुरुप्रसादचा फोन आला. टॅब तयार आहे, शंभर टक्के भरलाय, येऊन घेऊन जा. मी जाते म्हटलं तर अंबूताई म्हणाली, नको, मला जाऊ दे, नीट समजून घेते. आठवड्यात पहिल्यांदा ती चांगलं लुगडं नेसली. दारातून परत आली. "तू बसतेस ना?"

"बसते की."

"त्यांच्याकडे बघत राहा हं."

"बघते ग बाई, जा तू. मी काय लहान आहे?"

मी मेथीची जुडी घेऊन बसले होते. नुसतं कशाला बसायचं? आचार्य शांत पडले होते. मी मेथी निवडायला घेतली आणि बोलायला लागले. माझंच खरं झालं होतं ना! म्हटलं, आचार्य, आता बघा, उद्यापासून पुन्हा मीठ कमी, मीठ जास्त सुरू. म्हटलं, तुमच्या बायकोनं पोथ्या ठेवल्या त्या भडक्यावर, पोथ्यांनीच वाचवलं म्हणायचं. कोर्टातली एक जुनी गंमत सांगितली, एका म्हातारीनं साक्षीत जज्जसाहेबांना झापलं होतं ती. सांगता सांगता मीच हसले. पानं खुडत होते, देठ टाकत होते. मेथीत माती फार होती, त्यामुळे डोळे पानांवर. जुडी संपली, मी पदर झटकला आणि वर बघितलं.

त्यांचं बोट तक्त्यावर होतं. छातीत दुखतंय, त्या चौकोनावर. शाई पुसून गेली होती आणि नखानं कागद फाटला होता. चेहरा घामानं भिजलेला. डोळे माझ्यावर लागलेले.

मी ओरडत बाहेर धावले. शेजारचे प्रशांत वकील धावून आले, त्यांनी गाडी काढली. आम्ही त्यांना उचलून फाटकापर्यंत आणलं तेव्हा अंबूताई रिक्षातून उतरत होती, टॅबची पिशवी छातीशी धरून. तिनं बघितलं, पिशवीसकट गाडीत बसली. सगळ्या रस्त्यानं ती टॅब त्यांच्या बोटाखाली धरत होती. बोट हललं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला लागून किती वेळ झाला?" अंबूताईनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आत्ताच. लागलीच आणलं."

सहा वाजता आचार्य गेले.

गुरुप्रसादनं नंतर मला ती काढलेली बॅटरी दाखवली, वाळूच्या डब्यात ठेवलेली. पुरीसारखी टम्म फुगली होती. आणखी चार दिवस निघाले नसते, म्हणाला. म्हणजे टॅब द्यायला लावला त्यात मी चुकले नाही. कुणीही विचारलं तर एवढं मी ठासून सांगेन.

अंबूताई आता एकटीच असते. वेदश्री चल म्हणते, ही जात नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "मंगला होती म्हणून बरं. एकटे नव्हते ते, सारखी बोलत होती त्यांच्याशी." मी तिथं बसलेली असते आणि जमिनीकडे बघते. तक्ता कुठं गेला म्हणून तिनं दोनदा विचारलं. धावपळीत हरवला असेल, म्हटलं. तो मी त्याच संध्याकाळी बंबात घातला.

परवा संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चहा ठेवला होता. ती म्हणाली, "मंगला, एक विचारू? शेवटी त्यांना काही सांगायचं होतं का ग? काही दाखवलं का?"

मी कपात चहा ओतला. म्हटलं, "नाही ग. डोळे मिटून शांत पडले होते."

"बरं झालं," अंबूताई म्हणाली, आणि तिनं माझा हात धरला.